सांख्यिकी अहवालासाठी कार्यालयाचा ठरलेला साचा वापरताना

जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनासारखा अहवाल वर्डमध्ये तयार करताना जुन्या अहवालाची प्रत उघडून त्यातील आकडे बदलू नयेत; मागील वर्षाची एखादी तळटीप हमखास तशीच राहते. त्याऐवजी कार्यालयाच्या साच्याच्या (टेम्पलेटच्या) फाइलवर डबल-क्लिक करावे, म्हणजे मूळ साचा अबाधित राहून नवा दस्तऐवज उघडतो.

शीर्षकांचा आकार हाताने वाढवण्याऐवजी साच्यातील शीर्षक-शैलीच लावावी, कारण अनुक्रमणिका त्या शैलींवरूनच तयार होते. खरी कसोटी तक्त्यांची असते. एक्सेलमधून आणलेला तक्ता स्वतःचे फाँट आणि रंग घेऊन येतो. म्हणून चिकटवताना गंतव्य दस्तऐवजाची शैली निवडावी, तक्ता क्रमांक आपोआप येणाऱ्या मथळ्यातूनच द्यावा, आणि प्रत्येक तक्त्याखाली एकक, संदर्भ वर्ष व स्रोत नोंदवावा. आकडे 12,34,567 अशा भारतीय पद्धतीने लिहावेत. मजकूर युनिकोड या प्रमाण अक्षरसंकेतातच असावा.

मुखपृष्ठावरील राजमुद्रा ताणू नये आणि ‘सत्यमेव जयते’ हे शब्द कापू नयेत; तिच्या वापरावर राजमुद्रेचा गैरवापर रोखणारा 2005 चा कायदा लागू आहे. शेवटी संपूर्ण मजकूर निवडून एफ9 दाबावे, म्हणजे अनुक्रमणिका व तक्ता क्रमांक अद्ययावत होतात; पृष्ठक्रमांक तपासावेत आणि मगच पीडीएफ काढावी.