अपडेटनंतर स्क्रीन काळी पडल्यास काय करावे : दोषाचा शोध आधी, वेलँडचा वाद नंतर

लिनक्सचा अपडेट झाल्यावर संगणक पुन्हा सुरू केला, कंपनीचे चिन्ह दिसले आणि नंतर स्क्रीन काळीच राहिली, ही तक्रार एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर विशेष आढळते. मदत मागितली की पहिली काही उत्तरे बहुधा निदानाची नसतात, पक्षाची असतात. एक जण वेलँड (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी, जुन्या एक्स११ची जागा घेणारी व्यवस्था) बंद करायला सांगतो, दुसरा डिस्ट्रोच (उबंटू, फेडोरा यांसारखा लिनक्सचा प्रकार) बदलायला सांगतो, तर तिसरा २०१४ मध्ये डेबियनने सिस्टमडी (संगणक सुरू होताना सेवा चालू करणारा प्रोग्राम) स्वीकारल्याचा राग अजून काढत असतो. यातले प्रत्येक उत्तर कोणाच्या ना कोणाच्या संगणकावर खरे ठरलेले असते. आपल्या संगणकावर ते लागू आहे की नाही, हे मात्र दोष कर्नल (लिनक्सचा गाभा) व ड्रायव्हरमध्ये आहे, लॉगिननंतरच्या सत्रात आहे की आपल्याच होम फोल्डरमधल्या सेटिंगमध्ये आहे, हे कळल्याशिवाय ठरत नाही.

संगणक खरोखर अडकला आहे की फक्त चित्र दिसत नाही, हे आधी पाहावे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबल्यावर काळ्या पार्श्वभूमीवर लॉगिनची ओळ आली, तर कर्नल, डिस्क आणि बहुतेक सेवा ठीक आहेत आणि शोध ग्राफिक्सपुरता उरला, असे समजण्यास हरकत नाही. तेथे वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड द्यावा. पासवर्ड टाइप करताना एकही अक्षर किंवा ठिपका दिसत नाही, म्हणून कीबोर्ड बंद पडला असे समजू नये. आत गेल्यावर पहिली कमांड ‘डीएफ -एच’ (df -h) ही द्यावी आणि रूट, बूट व होम यांपैकी कोणते पार्टिशन शंभर टक्के भरले आहे का ते पाहावे. बूट पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरले की नवीन कर्नलची प्रतिमा अर्धवट तयार होते. होम भरले असेल तर पासवर्ड बरोबर देऊनही लॉगिनची स्क्रीन पुन्हा पुन्हा समोर येते, आणि त्या परिस्थितीत ड्रायव्हर कितीही वेळा बदलला तरी फरक पडत नाही.

त्यानंतर नेमके काय बदलले ते पाहावे. ‘मी काहीच केले नाही, फक्त अपडेट केले’ हे उत्तर प्रामाणिक असले तरी निरुपयोगी आहे, कारण एका अपडेटमध्ये कर्नल, मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी), ड्रायव्हर आणि डेस्कटॉप असे सगळेच एकदम बदललेले असू शकते. उबंटू, मिंट आणि डेबियनमध्ये एपीटीच्या लॉग फोल्डरातील हिस्टरी फाइलमध्ये, फेडोरामध्ये ‘डीएनएफ हिस्टरी’ (dnf history) या कमांडमध्ये आणि आर्चमध्ये पॅकमनच्या लॉगमध्ये तारखेनुसार प्रत्येक पॅकेजची जुनी व नवी आवृत्ती नोंदलेली असते. या यादीत ना कर्नल, ना ग्राफिक्स ड्रायव्हर असेल, तर पुढचे दोन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल.

टेक्स्ट कन्सोलही येत नसेल तर ग्रबच्या (संगणक सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूतून जुन्या कर्नलवर जावे. मेनू आपोआप दिसत नसल्यास यूईएफआय (नव्या पद्धतीचे फर्मवेअर) असलेल्या संगणकावर सुरुवातीलाच एस्केप एकदा दाबावी, जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरावी. उबंटूत प्रगत पर्यायांच्या ओळीखाली जुने कर्नल असतात. फेडोरा एका वेळी तीन कर्नल जपून ठेवते आणि ते बहुधा थेट मेनूत दिसतात. आर्चवर सहसा एकच कर्नल असतो, त्यामुळे तेथे नेहमीच्या कर्नलसोबत एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारा) कर्नल आधीच बसवून ठेवणे शहाणपणाचे. जुन्या कर्नलवर डेस्कटॉप व्यवस्थित उघडला, तर निदान जवळजवळ झालेच. एनव्हिडियाचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हरचा तुकडा) मूळ कर्नलचा भाग नसल्यामुळे प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते वेगळे तयार व्हावे लागते, आणि नव्या कर्नलसाठी ते एक तर तयार झालेले नसते किंवा तयार होऊनही लोड झालेले नसते.

तयार झाले की नाही हे ‘डीकेएमएस स्टेटस’ (dkms status) ही कमांड सांगते. तेथे नव्या कर्नलचा क्रमांक दिसत नसेल तर त्या कर्नलची हेडर पॅकेजे (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) बसलेली आहेत का ते पाहावे. ती नसली की मॉड्यूलची बांधणी मुळातच होत नाही. फेडोरावर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातला ड्रायव्हर असेल तर बांधणी अपडेट संपल्यानंतर पार्श्वभूमीत काही मिनिटे चालू असते, आणि घाईने रीस्टार्ट केल्यास ती अर्धवट राहते. असा दोष कित्येकदा थोडे थांबून पुन्हा रीस्टार्ट केल्यावर आपोआप नाहीसा होतो. मॉड्यूल तयार असूनही लोड होत नसेल तर सिक्युअर बूट तपासावे. ते चालू असताना कर्नल सही नसलेले मॉड्यूल नाकारते. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो आणि पुढच्या रीस्टार्टला एमओके (मॉड्यूलची सही तपासण्यासाठी मालकाने नोंदवायची किल्ली) व्यवस्थापनाची निळी स्क्रीन येते, तेथे किल्ली नोंदवून तोच पासवर्ड द्यायचा असतो. अनेक जण ती स्क्रीन काहीतरी बिघाड समजून बूट पुढे चालू ठेवण्याचा पर्याय निवडतात आणि किल्ली नोंदवायची राहून जाते. उपाय म्हणजे ‘एमओकेयूटिल’ (mokutil) वापरून किल्ली पुन्हा नोंदणीला लावणे. सिक्युअर बूट कायमचे बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने काम भागते, पण किल्ली नोंदवण्याच्या पाच मिनिटांसाठी एक संरक्षण सोडून देणे मला पटत नाही.

ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा शब्द जोडणे हा आणखी एक मार्ग आहे, पण तो दुरुस्तीपुरताच वापरावा. त्याने चित्र येते, मात्र ग्राफिक्सचा वेग जातो, आणि तो शब्द कायम ठेवून ‘लिनक्स संथ आहे’ अशी तक्रार करणारे लोक भेटतात. त्याचप्रमाणे एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरची स्थापना-फाइल डिस्ट्रोच्या पॅकेजांवर चढवू नये. दोन्हींच्या फाइली एकमेकींवर लिहिल्या जातात आणि पुढच्या अपडेटला हाच काळा पडदा पुन्हा हजर होतो.

आता नोंदवही, म्हणजे सिस्टमने स्वतः ठेवलेल्या नोंदी. जुन्या कर्नलवर आल्यावर ‘जर्नलसीटीएल -बी -१ -पी ईआरआर’ (journalctl -b -1 -p err) ही कमांड मागच्या, म्हणजे बिघडलेल्या बूटमधील चुका दाखवते. येथे नवखा माणूस शेवटची लाल ओळ उचलतो आणि तिच्यावर उत्तर शोधत बसतो, परंतु शेवटची चूक बहुधा आधीच्या चुकीचा परिणाम असते; वरून खाली वाचत जाऊन पहिली संशयास्पद ओळ शोधावी. एसीपीआय (वीज व हार्डवेअरची व्यवस्था) आणि बायोसच्या लाल ओळी तर पूर्ण निरोगी लॅपटॉपवरही असतात. त्या ओळखण्याचा खात्रीचा उपाय असा की संगणक नीट चालला होता त्या बूटची नोंद शेजारी ठेवावी. दोन्हींत असलेल्या ओळी बाजूला काढल्या की उरतात त्या चार-पाच ओळींतच आपले उत्तर असते.

कर्नल आणि ड्रायव्हर निर्दोष ठरले तरच सत्राकडे वळावे. ग्नोम या डेस्कटॉपच्या लॉगिन स्क्रीनवर नाव निवडल्यावर खालच्या कोपऱ्यात दातेरी चक्राचे चिन्ह येते, तेथे एक्स११चे सत्र उपलब्ध असल्यास ते निवडून पाहावे. तेथे सगळे सुरळीत चालले आणि वेलँडवरच अडले, तर वेलँडविषयीच्या वादातले कोणते मत आपल्या कामाचे आहे हे तपासण्याची वेळ आली. एक्स११ १९८७ पासून आहे. वेलँडचे काम २००८ मध्ये सुरू झाले. फेडोराने २०१६ मध्ये २५व्या आवृत्तीत ते मूळ पर्याय केले, उबंटूने १७.१० मध्ये स्वीकारून १८.०४ मध्ये माघार घेतली आणि २१.०४ मध्ये पुन्हा स्वीकारले. एनव्हिडियाने बरीच वर्षे इतरांपेक्षा वेगळी पद्धत धरून ठेवली होती. सर्वांनी वापरलेल्या जीबीएम या ग्राफिक्स-मेमरीच्या पद्धतीला तिने २०२१ मध्ये, ४९५ क्रमांकाच्या ड्रायव्हरमध्ये साथ दिली, आणि चित्र लुकलुकण्याच्या तक्रारी २०२४ मध्ये ५५५ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून बऱ्याच कमी झाल्या. (लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधील एका व्याख्यानात कॅमेऱ्यासमोर मधले बोट दाखवले होते ते याच कंपनीला.) म्हणून ‘एनव्हिडियावर वेलँड चालतच नाही’ हे वाक्य वाचल्यावर आधी त्याची तारीख आणि ड्रायव्हरचा क्रमांक पाहावा, २०१९ मध्ये ते खरे होते म्हणून आज खरे असेलच असे नाही.

मात्र काही आक्षेपांना तारीख लागू होत नाही. एक्स११मध्ये कोणताही प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामच्या खिडकीत दाबलेल्या कळा वाचू शकतो आणि तेथे खोट्या कळा पाठवू शकतो. वेलँडने हे हेतुपुरस्सर बंद केले. सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे, पण ज्यांचे रोजचे काम ‘एक्सडूटूल’च्या (आपोआप कळा पाठवणाऱ्या साधनाच्या) स्क्रिप्टवर चालते, किंवा ज्यांना अपंगत्वामुळे तशा साधनांची गरज आहे, त्यांची तक्रार ही बिघाडाची नसून रचनेविषयीची आहे, आणि ‘ड्रायव्हर अपडेट करा’ हे तिचे उत्तर होऊ शकत नाही. अशा माणसाने एक्स११ जपणारा एक्सएफसीई किंवा सिनॅमन डेस्कटॉप निवडणे रास्त आहे, कारण उबंटू २५.१० मध्ये ग्नोमचे एक्स११ सत्र काढूनच टाकले गेले.

मराठी टाइप करणाऱ्यांना सत्र बदलल्याचा चटका लवकर बसतो. केडीई प्लाझ्मा डेस्कटॉपच्या वेलँड सत्रात एफसीआयटीएक्स ५ (इनपुट पद्धतीचा प्रोग्राम) बसवून भागत नाही. सेटिंगमधील आभासी कीबोर्डच्या यादीत ते निवडावे लागते, नाहीतर काही प्रोग्रामांत देवनागरी उमटते आणि काहींत उमटत नाही. इनस्क्रिप्ट किंवा ध्वन्यात्मक ‘कगप’ मांडणी पुरेशी असेल तर इनपुट पद्धतीच्या भानगडीत न पडता कीबोर्डच्या यादीतूनच भारतीय मांडणीतील मराठीचा पर्याय जोडावा. ती मांडणी एक्सकेबी या कीबोर्ड-व्यवस्थेची असल्यामुळे दोन्ही सत्रांत सारखीच चालते.

दोन्ही सत्रांत डेस्कटॉप बिघडत असेल तर टेक्स्ट कन्सोलवरून नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या नावाने लॉगिन करावे. नव्या खात्यात सगळे ठीक असेल तर दोष आपल्या होम फोल्डरातील सेटिंगचा, आणि ग्नोमवर तो बहुधा नव्या आवृत्तीशी न जुळणाऱ्या एखाद्या एक्स्टेन्शनचा असतो.

एवढे करूनही उत्तर मिळाले नाही तर मदत मागताना ‘आयएनएक्सआय -एफएक्सझेड’ (inxi -Fxz) या कमांडचे उत्तर, हिस्टरीतील बदललेल्या पॅकेजांची नावे आणि नोंदवहीतल्या त्या चार-पाच ओळी द्याव्यात, आणि जुन्या कर्नलवर काय झाले ते स्पष्ट लिहावे. त्या कमांडमधला ‘झेड’ अनुक्रमांक आणि नेटवर्कचे पत्ते झाकतो, तो विसरू नये. दोष ड्रायव्हरचाच असल्याची खात्री असेल तर ‘एनव्हिडिया-बग-रिपोर्ट’ (nvidia-bug-report.sh) ही ड्रायव्हरसोबत आलेली स्क्रिप्ट रूट म्हणून चालवावी. ती एक कॉम्प्रेस केलेली फाइल तयार करते. सार्वजनिक ठिकाणी चढवण्यापूर्वी ती उघडून पाहावी, कारण तिच्यात संगणकाच्या नावासह संपूर्ण सिस्टमच्या नोंदी आलेल्या असतात.