ब्रिटिश पेन्शनवर परदेशात निवृत्तीचे आयुष्य : देश कसा निवडावा

स्पेनचा किनारा, पोर्तुगालचे ऊन, थायलंडची स्वस्ताई किंवा पुण्यातला ओळखीचा परिसर, या सगळ्यांचे आकर्षण खरे आहे. तरीही देश निवडताना या गोष्टींकडे सगळ्यात शेवटी पाहावे. आधी चार गोष्टी तपासाव्यात : पेन्शन तिथे दरवर्षी वाढेल का, तिथे राहण्याचा कायदेशीर हक्क मिळेल का, आजारपणाचा खर्च कोण करेल आणि कर कुठे भरावा लागेल. हे चारही प्रश्न ऐंशीव्या वर्षीचे आपण डोळ्यांसमोर ठेवून विचारायचे. पासष्टीत धडधाकट माणसाला जवळजवळ कुठलाही देश मानवतो.

पुढच्या पायऱ्या ब्रिटनमध्ये नोकरी करून तिथली स्टेट पेन्शन (सरकारी निवृत्तिवेतन) मिळवणाऱ्या कुणालाही लागू आहेत. मायदेशी परतण्याचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी काही बाबी वेगळ्या पडतात, त्या त्या-त्या ठिकाणी सांगितल्या आहेत.

पायरी १ : आधी आपली कागदपत्रे

सरकारी संकेतस्थळावर स्टेट पेन्शनचा अंदाज काढा. पूर्ण नव्या पेन्शनसाठी (एप्रिल २०१६ पासूनच्या योजनेतली) नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे सरकारी विम्याच्या वर्गणीची, साधारण ३५ वर्षे लागतात आणि १० पेक्षा कमी असतील तर काहीच मिळत नाही. पेन्शनचे वय ६६ वरून ६७ होत आहे. हा बदल एप्रिल २०२६ ते एप्रिल २०२८ या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने होतो, म्हणून आपली नेमकी तारीख पाहून ठेवा.

वर्षे कमी भरत असतील तर सहसा मागच्या सहा वर्षांतली रिकामी वर्षे पैसे भरून भरता येतात. २०२५-२६ च्या दराने तिसऱ्या वर्गाचे (ऐच्छिक वर्गणीचे) एक वर्ष सुमारे ९२३ पौंडांना पडते आणि त्याने पेन्शन वर्षाला सुमारे ३४२ पौंडांनी वाढते. म्हणजे तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. पण काही वर्षे भरूनही पेन्शन वाढत नाही, त्यामुळे पैसे पाठवण्याआधी पेन्शन विभागाला फोन करून कोणते वर्ष उपयोगी पडेल ते विचारा.

पती-पत्नींपैकी एकाने भारतीय पासपोर्ट ठेवून ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा परवाना घेतला असेल, तर इथेच थांबा. सलग दोन वर्षांहून जास्त काळ ब्रिटनबाहेर राहिल्यास तो परवाना जातो. पुढे मुलांजवळ परत यायची वेळ आली तर दार बंद झालेले असते. जोडीदाराच्या व्हिसासाठी ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून वर्षाला किमान २९,००० पौंड उत्पन्नाची अट घातली आहे आणि निवृत्तांना ती पेलणे कठीण जाते. म्हणून निघण्याआधी ब्रिटिश नागरिकत्व घ्यायचे की नाही याचा निर्णय करा. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे ते घेतले की भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांसाठीचे) काढावे लागते.

पायरी २ : पेन्शन वाढते की गोठते

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. स्टेट पेन्शन जगात कुठेही मिळते, पण दर एप्रिलची वाढ काही देशांतच मिळते : युरोपीय संघ, नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड आणि ब्रिटनशी तसा करार असलेले अमेरिका, तुर्की, इस्रायल, फिलिपाइन्स, मॉरिशस, जमैका, बार्बाडोस असे मोजके देश. भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, थायलंड आणि आखाती देशांत ती वाढत नाही. कॅनडाशी करार आहे, पण त्यात वाढीचे कलम नाही. म्हणजे नुसता ‘करार आहे’ एवढे ऐकून समाधान मानू नका. भारत आणि ब्रिटनमध्ये २०२५ साली व्यापार कराराबरोबर ठरलेली सामाजिक सुरक्षेची तरतूद थोड्या काळासाठी परदेशी पाठवलेल्या नोकरदारांच्या वर्गणीपुरती आहे. निवृत्तांच्या पेन्शनला तिने काही फरक पडत नाही.

आकडा पाहा. एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण नवी पेन्शन आठवड्याला १५५.६५ पौंड होती. तेव्हा ती घेऊन भारतात स्थायिक झालेल्या माणसाला २०२५-२६ मध्येही तेवढेच मिळाले, तर स्पेनमध्ये किंवा ब्रिटनमध्ये राहिलेल्याला २३०.२५ पौंड. वर्षाला सुमारे ३,८८० पौंडांची तफावत, आणि ती दर एप्रिलला रुंदावते. दोघांच्या पेन्शनी असतील तर दुप्पट.

गोठलेला दर कायमचा नसतो. ब्रिटनमध्ये परत राहायला आलात तर चालू दर मिळतो. नुसत्या भेटीला आलात तरी कळवल्यास तेवढ्या आठवड्यांपुरता तो मिळतो, आणि बरेच जण हे मागायचे विसरतात. उलट, काही वर्षे पोर्तुगालमध्ये राहून मग भारतात गेलात तर स्थलांतराच्या वेळचा दर गोठतो. त्यामुळे आधी युरोप आणि मग भारत हा क्रम आकड्यांच्या दृष्टीने फायद्याचा आहे, शरीराला दोनदा बिऱ्हाड हलवणे झेपणार असेल तर.

भारतात खर्च कमी आहे म्हणून गोठण्याचे काही वाटत नाही, असे सुरुवातीला अनेकांचे म्हणणे असते. पण पौंडांतला आकडा जागच्या जागी राहतो आणि डॉक्टर, औषधे, घरकाम करणाऱ्या मावशी, सोसायटीचा देखभाल खर्च दरवर्षी वाढतो. रुपया घसरला तर थोडा दिलासा मिळतो खरा, पण त्यावर वीस वर्षांचा हिशेब बांधू नये. खासगी पेन्शन किंवा बचत भरपूर असेल तर भारत जरूर निवडा. मुख्य आधार स्टेट पेन्शनचाच असेल तर आजचा आकडा तसाच धरून पंधरा वर्षांनंतरच्या खर्चाशी ताडून पाहा.

पायरी ३ : राहण्याचा हक्क

३१ डिसेंबर २०२० नंतर ब्रिटिश नागरिकाला शेंगेन (आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय) देशांत व्हिसाशिवाय कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद सुरू झाली आहे. त्यामुळे दिवस चुकून जास्त झाले तर ते लपत नाही.

आयर्लंड हा सुखद अपवाद. ब्रिटिश नागरिकाला तिथे व्हिसा लागत नाही. मात्र घरे महाग आहेत आणि हवाही तीच.

स्पेनचा काम न करण्याच्या अटीचा व्हिसा महिना २,४०० युरो उत्पन्न मागतो, म्हणजे वर्षाला २८,८०० आणि जोडीदारासाठी आणखी ७,२००. २०२५-२६ च्या दराने एका पूर्ण स्टेट पेन्शनचे वर्षाला सुमारे १३,८०० युरो होतात. म्हणजे दोघांच्या पूर्ण पेन्शनी मिळवल्या तरी ३६,००० चा आकडा गाठता येत नाही. खासगी पेन्शन किंवा मोठी शिल्लक दाखवावीच लागते. पोर्तुगालचा डी-७ व्हिसा तिथल्या किमान वेतनाला बांधलेला आहे : २०२५ मध्ये महिना ८७० युरो, जोडीदारासाठी त्याच्या निम्मे. त्याच दराने एक पूर्ण पेन्शन महिना साडेअकराशे युरोंच्या आसपास भरते, त्यामुळे साध्या पेन्शनवर अवलंबून असलेल्याला तोच जास्त पेलतो. ग्रीस महिना ३,५०० युरो मागतो. घर घेऊन मिळणारा स्पेनचा गोल्डन व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला, तरी जुन्या जाहिराती अजून फिरताना दिसतात. अमेरिकेत पेन्शन वाढते, पण निवृत्तांसाठी व्हिसाच नाही.

थायलंडमध्ये पन्नाशीनंतर बँकेत ८ लाख बाथ किंवा महिना ६५,००० बाथ उत्पन्न दाखवावे लागते. भारतासाठी ओसीआय कार्ड पुरते. राहता येते, फ्लॅट घेता येतो, शेतजमीन किंवा फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. भारतीय मूळ नसलेल्या ब्रिटिश निवृत्तांना भारताचा निवृत्ती व्हिसा नाही. गोव्यात पर्यटक म्हणून येऊन घर घेतलेल्या परदेशी लोकांचे व्यवहार फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याखाली चौकशीत अडकले, ते याच कारणाने.

पायरी ४ : आजारपण

एनएचएसचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा, हक्क वास्तव्यावर आहे. आयुष्यभर कर भरला म्हणून तो टिकत नाही. कायमचे देश सोडलेल्याला परत येऊन ठरवून शस्त्रक्रिया करून घ्यायची तर इंग्लंडमधले रुग्णालय मूळ दराच्या १५० टक्के आकारू शकते.

युरोपीय संघात स्टेट पेन्शन घेणाऱ्याला एस-१ फॉर्म मिळतो. त्यावर तिथल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत स्थानिक माणसासारखे उपचार होतात आणि खर्च ब्रिटन भरते. अवलंबून असलेल्या जोडीदारालाही त्याचा लाभ होऊ शकतो. फॉर्म एनएचएसच्या व्यवसाय सेवा विभागाकडून मिळतो. नेहमीची चूक अशी की लोक फॉर्म हातात घेऊन निश्चिंत होतात, तिथल्या कार्यालयात नोंदवतच नाहीत. नोंद होईपर्यंत तो निव्वळ कागद असतो. आणि पेन्शनचे वय होण्याआधी गेलात तर एस-१ नाही, तोवर पूर्ण खासगी विमा घ्यावा लागतो. ६२ व्या वर्षी मधुमेह असताना तो किती महाग पडेल याचे कोटेशन आधी मागवा.

भारतात एस-१ चालत नाही. विमा नियामकाने २०२४ मध्ये ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी नाकारण्याची वयोमर्यादा काढली आणि आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. तरी ही तीन वर्षे स्वतःच्या खिशावर काढायची आहेत. परतायचे पक्के असेल तर भारतीय पॉलिसी शक्य तितक्या लवकर सुरू करा आणि बायपास किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेइतकी रक्कम वेगळी ठेवा.

पायरी ५ : कर

बहुतेक करारांत ब्रिटिश सरकारी नोकरीच्या पेन्शनवर कर ब्रिटनमध्येच लागतो, खासगी पेन्शनवर राहत्या देशात. दोन गोष्टींत मोठे नुकसान होते. पेन्शन फंडातून ब्रिटनमध्ये करमुक्त काढता येणारी २५ टक्के रक्कम स्पेनसारखे देश करमुक्त धरत नाहीत, म्हणून ती स्थलांतराच्या आधीच्या करवर्षात काढावी. आयएसएमधले (ब्रिटनमधल्या करमुक्त बचत खात्यातले) व्याजही तिथे करपात्र होते. स्पेनमध्ये परदेशातील खाती, गुंतवणूक किंवा घर यांपैकी कुठल्याही गटात ५०,००० युरोंहून जास्त असेल तर ३१ मार्चपर्यंत माहिती द्यावी लागते.

सवलतीसुद्धा आहेत. ग्रीसमध्ये परदेशी पेन्शनरांना १५ वर्षे सपाट ७ टक्के आणि सायप्रसमध्ये परदेशी पेन्शनवर ५ टक्के दर निवडता येतो. सायप्रसमध्ये इंग्रजी चालते, गाड्या डावीकडून धावतात आणि एस-१ ही चालतो. पोर्तुगालची जुनी सवलत मात्र २०२४ पासून नव्या लोकांना बंद झाली.

भारतात परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षे ‘निवासी पण सामान्य निवासी नाही’ असा दर्जा मिळतो आणि परदेशी उत्पन्नावर कर लागत नाही. पेन्शन फंडातल्या मोठ्या उचली याच काळात बसवाव्यात. त्यानंतर ब्रिटनमधली खाती विवरणपत्रात दाखवणे बंधनकारक आहे. न दाखवल्यास दंड १० लाख रुपयांपर्यंत जातो.

पायरी ६ : ऐंशीव्या वर्षाचा हिशेब

दोघांपैकी एक गेल्यावरचे अंदाजपत्रक वेगळे मांडा. नव्या स्टेट पेन्शनमधले जोडीदाराला सहसा फारसे काही मिळत नाही. घराचा खर्च मात्र निम्मा होत नाही.

स्मृतिभ्रंश झालेली माणसे अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी विसरतात. मराठी माणसाला पंच्याऐंशीव्या वर्षी पोर्तुगीज शुश्रूषागृहात ठेवायची वेळ आली तर बोलायला कोण असेल, हा प्रश्न घरात आजच विचारावा. पुण्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे आणि पेन्शनच्या तफावतीइतकाच तो वजनदार आहे. पण भारतात मुखत्यारपत्र करून निर्धास्त राहू नका. देणाऱ्याची बुद्धी स्थिर नसेल तर साधे मुखत्यारपत्र संपते आणि मुलांना पालकत्वासाठी न्यायालयात जावे लागते. संयुक्त खाती, नामांकन आणि मृत्युपत्र आधीच करा. युरोपात घर घेणार असाल तर आपल्या संपत्तीला आपल्या नागरिकत्वाचा कायदा लावावा, असे मृत्युपत्रात स्पष्ट लिहा. नाहीतर अनेक देशांत ठराविक वाटा मुलांना सक्तीने जातो.

पायरी ७ : चुकीच्या ऋतूत राहून पाहा

दोन देश उरले की प्रत्येक ठिकाणी भाड्याने दोन-तीन महिने राहा. स्पेन-पोर्तुगालला जानेवारीत जा. तिथली घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात आणि हिवाळ्यात आतून गार, दमट होतात. गोवा किंवा कोकणात जुलैमध्ये राहा. रुग्णालय किती लांब, गाडीशिवाय बाजार होतो का, चढाच्या गल्ल्या किती, हे पाहा. ब्रिटनमधले घर पहिले वर्षभर विकू नका.

पायरी ८ : निघताना

घर भाड्याने देणार असाल तर एनआरएल-१ (परदेशी राहणाऱ्या घरमालकाचा) अर्ज करा, नाहीतर एजंट भाड्यातून २० टक्के कर कापून ठेवतो. पुढे परदेशातून ते घर विकले तर ६० दिवसांत कर विभागाला कळवावे लागते. निघाल्याची नोंद पी-८५ फॉर्मने करा. पेन्शनसाठी इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला पत्ता, बँक आणि तारीख कळवा. तिथून अधूनमधून हयातीचा दाखला टपालाने येतो. तो साक्षीदाराच्या सहीने १६ आठवड्यांत परत गेला नाही तर पेन्शन थांबते. भाड्याच्या घरातून सोसायटी बदलताना नवा पत्ता पेन्शन सेंटरला त्याच आठवड्यात कळवा, कारण दाखला हरवण्याचे नेहमीचे ठिकाण म्हणजे जुन्या इमारतीची टपालपेटी.