चरणजीत सिंग यांचे दहा राग कसे ऐकावेत

सुरुवात मालकंसापासून करा, आणि रात्री जेवणं उरकल्यावर करा. तबकडीवर पहिला राग भैरव आहे, पण तो इतक्यात लावू नका. मी तिथूनच सुरुवात केली होती आणि दोन मिनिटांत बंद केलं होतं. पुढे वर्षभर मी तिच्याकडे फिरकले नाही. ते वर्ष हातचं गेलं याची हळहळ अजून वाटते, म्हणून हे लिहितेय.

तबकडी म्हणजे चरणजीत सिंग यांची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. १९८२ साली मुंबईत तयार झालेली, एचएमव्हीने काढलेली. दहा राग, प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा. वाद्यं तीन, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालाचं यंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र. वाजवणारा माणूस एकच.

चरणजीत सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधले वादक. बेस गिटार, कीबोर्ड, जे नवीन वाद्य येईल ते हाताळणारे. राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे ते वाजवत आणि सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या वाद्यांवरच्या तबकड्याही काढत. त्या काळात सिनेमात जिकडेतिकडे डिस्को होता. पुढे मुलाखतीत त्यांनी सांगितलंय की डिस्को घेऊनच काहीतरी वेगळं करावं असं मनात आलं: राग घ्यायचे, ठेका डिस्कोचा ठेवायचा आणि तबला काढून टाकायचा. घरी यंत्रं जुळवून वाजवून पाहिलं, बरं वाटलं, आणि रेकॉर्ड केलं.

मी ठाण्यात पेटी शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने क्लास सुटल्यावर थांबून हेडफोन पुढे केला, “ताई, हा भैरव ऐका ना.” ऐकला. कोमल रिषभ आला आणि माझं तोंड वाकडं झालं. भैरवाचा रिषभ आंदोलित, म्हणजे हलका झुलता हवा, तो असा खिळा ठोकल्यासारखा सरळ कसा चालेल? मी हेडफोन काढून दिला.

खरं तर हा आक्षेप घेण्याचा अधिकार पेटीवाल्यांना सर्वांत कमी. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, तिच्यात श्रुती, म्हणजे स्वरांच्या मधल्या बारीक जागा नाहीत, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं नाही, या कारणाने आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केलं आणि ते पुढे तीसेक वर्षं उघडलं नाही. माझ्या गुरुजींनी ते दिवस पाहिले होते. पेटी काय करू शकत नाही हे सगळे सांगतात, काय करू शकते ते ऐकायला कुणी बसत नाही, असं ते म्हणायचे. वर्षभराने हे वाक्य आठवलं तेव्हा मी तबकडी पुन्हा लावली, या वेळी मालकंस.

मालकंसच का, ते सांगते. त्यात पाचच स्वर: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. रिषभ नाही, पंचम नाही. पाच स्वरांचा राग ठरलेल्या पट्ट्यांवर कमी अडखळतो, कारण स्वरांमध्ये मोकळी जागा जास्त आणि रागाचं रूप त्या जागांवरूनच ओळखू येतं. या तबकडीवर भूपाळी, कलावती आणि बैरागीही असेच पाच स्वरांचे आहेत. पहिले काही दिवस हे चारच ऐका.

मोबाईलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. ८०८ चा खालचा ठोका इतका खर्जात असतो की मोबाईलच्या स्पीकरमधून त्याची नुसती टिकटिक येते. ठोका गेला की वरचं सगळं अधांतरी वाटतं. साधा हेडफोन चालेल, घरात जुना डेक असेल तर उत्तमच. माझ्याकडे दोन लाकडी स्पीकर आहेत. त्यातला एक जमिनीवर ठेवला की ठोका लादीतून तळपायाला लागतो.

पहिल्या वेळी ज्युपिटरकडे लक्षच देऊ नका. कान खाली ठेवा, ३०३ वर. रबर ताणून सोडल्यासारखा, बुडबुड करत अखंड धावणारा जो आवाज आहे, तो ३०३ चा. हे यंत्र खरं तर गिटारवाल्यांसाठी काढलं होतं: घरी रियाज करताना बेस वाजवायला जोडीदार नसेल तर हे वाजवेल, अशी कल्पना. बेस गिटारसारखं ते जराही वाजलं नाही, फारसं खपलं नाही, आणि १९८४ मध्ये कंपनीने ते बंद केलं. त्यात सुरावट भरण्याची रीत अवघड होती. आधी नुसते स्वर एकामागून एक भरायचे, मग वेगळं बटण दाबून त्यांचा काळ भरायचा. ही रीत आपल्याला परकी वाटू नये, कारण स्वरलिपी शिकताना आपणही आधी स्वर लिहितो आणि मग खाली मात्रा मांडतो. प्रत्येक स्वराला दोन गोष्टी जोडता येतात. एक जोर, आणि दुसरी घसर, म्हणजे एका स्वरावरून पुढच्यावर न तुटता सरकत जाणं.

ही घसर कानाने पकडा. माझा तबकडीवरचा रुसवा तिथे गेला. ‘ही यंत्रं सरळ वाजतात’ ही माझी तक्रार होती, आणि इथे खाली, बेसमध्ये, स्वर सरकत होते. गायकाची मींड ती नव्हे, ती फार आखूड आहे, पण स्वर तुटत नाही. यंत्र बनवणाऱ्याच्या डोक्यात मालकंस नक्कीच नव्हता. तो होता वाजवणाऱ्याच्या डोक्यात.

आता पेटी, कीबोर्ड, मोबाईलवरचं पेटीचं ॲप, जे असेल ते घ्या आणि सा शोधा. ३०३ ची सुरावट फिरून फिरून ज्या स्वरावर टेकते, तो सा धरा. तानपुरा नसताना सा कोण देतंय हा प्रश्न माझ्या एका विद्यार्थिनीने विचारला होता, त्याचं उत्तर इथे मिळतं: धावणारा बेसच तानपुऱ्याचं काम करतो. तानपुरा स्थिर राहून सा देतो, हा पळत पळत देतो. सा सापडला की मालकंसाच्या पाच पट्ट्यांवर बोटं ठेवा आणि तबकडीबरोबर नुसता आरोह-अवरोह फिरवत राहा. वाजवता येत नसेल तर गुणगुणा. पाच मिनिटं अशी गेली की आपण नुसते ऐकणारे राहत नाही.

दुसऱ्यांदा ऐकताना हातावर ताल धरा. ८०८ च्या पुढच्या बाजूला सोळा बटणं एका ओळीत असतात, चार-चारच्या गटांत: लाल, केशरी, पिवळी, पांढरी. मी पहिल्यांदा या यंत्राचा फोटो पाहिला तेव्हा फार वेळ बघत राहिले होते. तीनतालाचे चार विभाग कुणी रंगवून ठेवावेत तसंच दिसतं ते. प्रत्येक रंगाच्या पहिल्या बटणावर ठोका बसवला की झाला डिस्कोचा ठेका. मात्र हे सोळा बटणांचं आवर्तन दोनेक सेकंदांत संपतं, तितक्या वेगाने हातावर मात्रा मोजता येत नाहीत. म्हणून एक ठोका म्हणजे एक मात्रा असं धरा आणि तीनताल लावा: पहिल्या मात्रेला टाळी, पाचवीला टाळी, नवव्या मात्रेला टाळी न देता हात मोकळा सोडायचा (हिलाच ‘खाली’ म्हणतात), तेराव्या मात्रेला टाळी.

नवव्या मात्रेला काय होतं ते बघा. तबला असता तर खालीच्या त्या विभागात डग्गा गप्प झाला असता. आपला हात हवेत जातो आणि यंत्र मात्र तसाच भरीव ठोका देतं. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आणि खाली यांत त्याला फरक नाही. पहिल्यांदा मला हे उणं वाटलं होतं. तबला काढून टाकला म्हणजे नेमकं काय काढलं, ते मला इथे कळलं. ठेका आपल्याला ‘आता आवर्तन संपत आलं, सम येतेय’ हे सांगत असतो. इथे ते सांगणारं कुणी नाही, ठोके सगळे सारखे, म्हणून सगळा भार वरच्या सुरावटीवर येतो. ज्युपिटरचा तुकडा कुठे येऊन टेकतो त्यावरून सम आपणच ठरवायची. दोन-तीनदा ऐकल्यावर हात आपोआप बरोबर पडू लागतो.

ज्युपिटरसाठी वेगळा धडा लागत नाही. रागाशी ओळख असेल तर तो आपसूक ऐकू येतो. फक्त एवढंच बघा की आवाजाचा रंग रागागणिक बदलतो, आणि लहान लहान हरकती घेताना हात कीबोर्डवाल्याचा न वाटता सतार-सरोद ऐकलेल्या माणसाचा वाटतो. बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, शोधू नका, पाच मिनिटांत ती मावत नाही. जुन्या तबकड्यांवर गवई तीन मिनिटांत राग उभा करायचे, त्या कानाने ऐका.

पाच स्वरांचे राग पचले की पुढे वेळ पाळून जा. तबकडीवरचा क्रम वेळेप्रमाणे नाही: भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती ही एक बाजू, आणि मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी ही दुसरी. मी त्यांचा दिवस लावून घेतलाय. पहाटे ललत, मग भैरव आणि बैरागी, सकाळ वर आली की तोडी, दुपार कलताना मधुवंती, दिवेलागणीला यमन आणि भूपाळी, रात्री कलावती, मग मालकंस. (भूपाळी म्हटलं की आपल्याला पहाटेची गाणी आठवतात, पण राग भूपाळी संध्याकाळचाच.) मेघ मल्हार मी जून येईपर्यंत लावत नाही. यमन ऐकताना एक करा: तीव्र मध्यम कधी येतो याची वाट बघा, आणि आला की बेस त्याच्याखाली काय करतोय ते ऐका. ललत सगळ्यांत शेवटी ठेवा. शुद्ध आणि तीव्र अशा दोन मध्यमांची ती लगट यंत्रावर उतरवणं कठीण, आणि माझ्या मते या तबकडीतलं सर्वांत धाडसाचं काम तेच आहे. तोडी मला अजून पटलेली नाही. तिचा अतिकोमल, म्हणजे कोमलाहूनही किंचित उतरलेला गंधार मला हवाच असतो.

ही तबकडी तेव्हा चालली नाही. रागवाल्यांना ती डिस्को वाटली असणार आणि डिस्कोवाल्यांना राग. पुढे शिकागोमध्ये काही तरुणांनी स्वस्तात मिळणारी ३०३ घेतली, तिची बटणं वाजवता वाजवता पिळली, आणि १९८७ मध्ये फ्युचर या त्रिकुटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ आली. तिथून ॲसिड हाउस हा नाचायच्या यंत्रसंगीताचा प्रकार नावारूपाला आला. नेदरलँड्सचे संग्राहक एडो बाउमन यांना २००२ मध्ये दिल्लीत सिंग यांची तबकडी सापडली. तिच्यातही तीच ३०३, आणि साल १९८२, म्हणजे ‘ॲसिड ट्रॅक्स’च्या पाच वर्षं आधीचं. त्यांनी मुंबईत येऊन सिंग यांना शोधून काढलं आणि २०१० मध्ये तबकडी नव्याने काढली. तेव्हा बऱ्याच जणांना हे खोटं वाटलं, कुणीतरी आत्ता बनवून जुनं म्हणून खपवतंय असं. सिंग यांनी मग सत्तरी ओलांडल्यावर परदेशात जाऊन हेच राग तरुण श्रोत्यांपुढे वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

‘ॲसिड हाउस आपल्याकडे आधी झालं’ असं छाती फुगवून सांगणारे आता बरेच भेटतात. त्या कानाने ऐकू नका, एवढी विनंती. शिकागोच्या मुलांपर्यंत ही तबकडी पोचल्याचं कुठेही दिसत नाही. दोघांचं मागणंही वेगळं आहे. तिकडे सुरावट तीच राहते आणि बटणं पिळून आवाजाचा रंग बदलत जातो. इथे बेस फिरत राहतो आणि त्याच्यावर राग उलगडत जातो. ‘ॲसिड ट्रॅक्स’ जरूर ऐका, पण मालकंस ऐकल्यानंतर, म्हणजे एकाच यंत्राकडून दोघांनी काय काय काढून घेतलं ते कळेल. शर्यत लावली तर सिंग यांच्या वाट्याला नुसतं साल उरतं, राग ऐकायचे राहून जातात.

आणि मग भैरव. पहाटे, घरातले उठायच्या आधी. सुरुवातीला यंत्रातून आल्यासारखा आवाज ‘ओम नमः शिवाय’ म्हणतो. पहिल्या खेपेला मला तो खटकला होता, आता त्याच्याशिवाय भैरव सुरू झाल्यासारखा वाटत नाही. ठोका सुरू झाला की मी पेटी पुढे ओढते, आवाज अगदी बारीक ठेवते आणि कोमल रिषभाची पट्टी दाबून धरते. पट्टी सरळच वाजते. भात्यावरचा हात मात्र मी किंचित हलवत ठेवते, दाब द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. रिषभ जागचा हलत नाही, पण झुलल्यासारखा वाटतो. गुरुजींनी शिकवलेली युक्ती आहे ही. तसा झुलता रिषभ हाताखाली ठेवून मी ज्युपिटरचा रिषभ यायची वाट बघते.