कास्ट भारी असूनही मोठं होण्याचा पिक्चर का फसला, ते कसं शोधायचं

कलाकार एक से एक, ट्रेलर बघून अपेक्षा वाढलेल्या आणि दोन तासांनी हातात काहीच नाही. पोरगा किंवा पोरगी मोठं होतानाची गोष्ट सांगणाऱ्या अशा पिक्चरवर लिहायला बसलं की ‘ॲक्टिंग मस्त पण मजा नाही आली’ एवढ्यावरच गाडी थांबते. थांबू नका, मजा कुठे गेली ते सापडतं.

आधी नट आणि त्याला दिलेलं काम वेगळं करा. सगळ्यात गाजलेल्या नटाचा सगळ्यात गाजलेला सीन घ्या आणि बघा की त्यानंतर पोराच्या किंवा पोरीच्या वागण्यात काय फरक पडला. समजा आईचं काम करणारी मोठी नटी रात्री मुलीला स्वतःच्या राहून गेलेल्या गोष्टी सांगतेय, आवाज कापतोय, डोळ्यात पाणी, काम जबरदस्तच, पण मुलगी नुसती दारात उभी राहून ऐकते आणि पुढच्या सीनला मैत्रिणींबरोबर हसतेय, म्हणजे तो सीन नटीसाठी लिहिलाय, गोष्टीसाठी नाही. असे तीन-चार सीन झाले की जिची गोष्ट आहे तीच पाहुणी होऊन बसते.

मग कागद घ्या आणि त्या पोराने स्वतः काय काय केलं ते लिहा. बाबा वारले, शहर बदललं, प्रेमात नकार मिळाला हे सगळं त्याच्यासोबत झालं, त्याने केलं नाही, ते धरू नका. खोटं बोलला, मित्राला तोंडघशी पाडलं, कुणासमोर तरी उभा राहिला, हे धरा, आणि शेजारी त्याची किंमत काय मोजली तेही लिहा. कागद कोरा राहिला तर पिक्चरचं दुखणं तिथेच आहे. ‘फँड्री’ (२०१३) आठवा, त्यातला शाळकरी पोरगा जब्या डुक्कर पकडतानासुद्धा शाळेतली पोरं बघतील म्हणून आडोसे शोधतो आणि शेवटी दगड उचलतो. जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे तेव्हा एकदम नवखा होता, तरी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कारण त्याच्याकडे करण्यासारखं खूप काही होतं!

व्हॉइसओव्हर, म्हणजे मागून येणारं निवेदन, असेल तर घरी तो सीन म्यूट करून परत बघा. चेहऱ्यावरून काही कळलं तर आवाजाची गरजच नव्हती, आणि नाही कळलं तर दिग्दर्शकाने नटाचं काम निवेदनावर ढकललंय. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोच्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’मध्ये (१९५९) मानसशास्त्रज्ञ बाई मुलाला प्रश्न विचारते, तिचा फक्त आवाज येतो आणि कॅमेरा मुलावरच. तो मध्येच हसतो, नजर चुकवतो, आणि ती उत्तरं त्या मुलाचं काम करणाऱ्या ज्याँ-पिएर लेओने बरीचशी आपल्याच शब्दांत दिलीत. मला तरी मोठं होणं इतकं जवळून क्वचितच बघायला मिळालंय.

गाण्यावर छोटे छोटे तुकडे जोडून केलेलं मोंटाज, पंचविशीतले नट शाळेच्या ड्रेसात, या गोष्टी खटकतात खऱ्या, पण त्यावर एक ओळ पुरे.

लिहिताना नटांना झोडपू नका, त्यांनी मिळालं ते निभावलंय. कुणाचं काम आवडलं ते सीनसकट सांगा आणि पिक्चर ज्या सीनला हातातून सुटला तो सीनही सांगा, फक्त शेवट फोडू नका.