'४५' लिहिलं, पण ४५ काय?

पीडियाट्रिक्सच्या पहिल्या वर्षाला येताय, म्हणजे डोसची सूत्रं पाठ असणार. मलाही होती. तरी तिसऱ्याच आठवड्यात, रात्री अडीचला, सहा किलोच्या बाळाच्या चार्टवर मी लिहिलं: 'आयव्ही पॅरासिटामॉल ४५'. पुढे काहीच नाही.

हिशेब चुकला नव्हता. आयव्ही म्हणजे शिरेतून देताना दहा किलोखाली किलोमागे साडेसात मिलिग्रॅम, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. पण त्या बाटलीत एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतं. द्यायचे होते साडेचार मिलिलिटर. नव्या सिस्टरने भरले पंचेचाळीस. म्हणजे ४५० मिलिग्रॅम, दसपट! शंभर मिलीची बाटली समोर लटकलेली असते आणि मोठ्या माणसाला ती अख्खी जाते, त्यामुळे ४५ मिली कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. जुन्या सिस्टर मागून म्हणाल्या, "डॉक्टर, एवढ्याशा बाळाला एवढं?" बाळ वाचलं ते त्यांच्यामुळे.

तेव्हापासून मी मिलिग्रॅम लिहितो, शेजारी मिलिलिटर लिहितो, आणि दोन्ही मोठ्याने वाचतो. '.५' नाही, '०.५'. '५.०' तर कधीच नाही. टिंब पुसट झालं की पन्नास.

वजन काट्यावरच घ्या. "अंदाजे दहा धर" म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांच्याकडून सलाईन लावायला शिका, डोस नको. ॲपही वाईट नाही, पण त्यात वजन टाकणारे तुम्हीच.

आणखी एक: आईच्या उशाखालची पॅरासिटामॉलची बाटली. थेंबांच्या औषधात एका मिलीला १०० मिलिग्रॅम, तर सिरपच्या ५ मिलीत कुठे १२५, कुठे २५०. "घरचं काही पाजलंत का?" हे आईला न रागावता विचारा, नाहीतर ती लपवेल.

जास्त गेलंच तर बाळ हसतंय म्हणून थांबू नका. पहिला दिवस फसवा असतो, यकृताची एन्झाइम्स नंतर चढतात. लगेच सांगा, एन-ॲसिटाइलसिस्टीन हा उतारा वेळेत दिला तर यकृत वाचतं. ओरडा खाल. खा.

कोडीन हे वेदनाशामक बारा वर्षांखाली नकोच. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन भराभर होतं आणि श्वास मंदावतो.

पण घाबरून हातही आखडू नका. त्या रात्रीनंतर महिनाभर मी सगळ्यांना कमीच लिहीत होतो. मग भाजलेल्या एका चार वर्षांच्या मुलाचं ड्रेसिंग सुरू असताना त्याच्या आजीने मला विचारलं, "साहेब, औषध दिलंय ना?" दिलं होतं. निम्मं.