ॲम्नेशियात तेल पुरत नव्हतं, असं जमवलं

भावांनो, २०१० चा ॲम्नेशिया द डार्क डिसेंट हा भीतीचा व्हिडिओ गेम खेळताना माझं कंदिलाचं तेल दरवेळी अर्ध्या वाटेत संपायचं. राजारामपुरीतल्या खोलीत ट्यूबलाइट चालू, स्क्रीनवर तिचाच पट्टा चमकायचा, काही दिसेना म्हणून गामा (गेममधल्या उजेडाची सेटिंग) वाढवला तर किल्ल्याच्या भिंती पांढऱ्या फटफटीत, सगळी भीतीच गेली. मग गामा परत होता तिथं आणला, लाइट घालवली, हेडफोन लावला आणि कंदील लागेल तेवढाच पेटवायला लागलो, कारण थोड्या वेळात डॅनियलची, म्हणजे गेममधल्या आपल्या गड्याची, नजर अंधाराला सरावते, पण लई वेळ अंधारात राहिलं की त्याचं डोकं फिरतं, स्क्रीन लहरते, तेव्हा टिंडरबॉक्सनं (गेममधली काडेपेटीच) एखादी मेणबत्ती पेटवायची. पुढं एका पाण्याच्या भागात राक्षस असतो, तो दिसतच नाही, नुसतं पाणी उडतं. तिथं पेट्यांवरून उड्या मारायच्या. काल तो भाग पार झाला तेव्हा हात गार पडलेले, पण बाटलीत तेल शिल्लक होतं!