ॲल्युमिनियम सबफ्रेम बसवताना बोल्टने ओढाओढ करू नका

मोटरसायकलची सीट, मागचं मडगार्ड, टेललाइट आणि मागे बसणाऱ्याचं वजन मुख्य फ्रेमला पोचवणारा मागचा सांगाडा म्हणजे सबफ्रेम. तुमच्या मापाची ॲल्युमिनियम सबफ्रेम बनवून हातात आली आहे असं धरून मी पुढचं लिहितोय. ती बसवायला चार-सहा बोल्ट लागतात, म्हणून लोक याला अर्ध्या तासाचं काम समजतात. मी यासाठी अख्खा दिवस ठेवतो, आणि त्यातला बराचसा वेळ एकाच टप्प्यावर जातो.

जुनी सबफ्रेम काढण्याआधी मागच्या एक्सलपासून शेपटीच्या टोकापर्यंतचं अंतर डावीकडून आणि उजवीकडून मोजून लिहून ठेवा. गाडी कधी पडली असेल तर जुनी सबफ्रेमही एका बाजूला झुकलेली असू शकते. तसं असेल तर ते माप प्रमाण मानू नका, चाकाचा मध्य धरून चाला. वायरिंगचे फोटो काढा, बॅटरी सोडवा, जुनी उतरवा.

नवीवर पावडर कोटिंग असेल तर जिथे ती फ्रेमला टेकते आणि जिथे वॉशर बसतो, तिथला रंग खरवडून धातू उघडा करा. बोल्टखाली रंगाचा थर राहिला की तो हळूहळू दबतो आणि बोल्ट ढिला पडतो.

आता खरं काम. बहुतेक गाड्यांवर सबफ्रेम चार ठिकाणी जोडलेली असते: वर दोन, खाली दोन. नवी लावून बघितली की तीन भोकं जुळतात आणि चौथं अडतं. यात दरवेळी बनवणाऱ्याची चूक असतेच असं नाही. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळीला ओढून घेतो, आणि गाडीच्या मूळ फ्रेमच्या मापांतही थोडा फरक असतो. इथे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘आवळत जा, बसेल आपोआप’. ती बसते हे खरं आहे. पण तो ताण सबफ्रेममध्ये तसाच कोंडलेला राहतो.

माझ्या सुरुवातीच्या एका गाडीत खालचा डावा लग, म्हणजे बोल्टचं भोक असलेली जाड पट्टी, फ्रेमपासून दोनेक मिलिमीटर दूर राहत होता. मी बोल्ट आवळून तो टेकवला. काही महिन्यांनी गाडी धुताना त्या लगच्या वेल्डला लागून केसाएवढी काळी रेघ दिसली. मळ समजून नखाने खरवडली, पण गेली नाही. सीटवर हात दाबून सोडला तर रेघ उघडत होती आणि मिटत होती. त्या सीटवर आदल्याच दिवशी माझ्या मागे माणूस बसला होता.

चीर तिथेच का पडते हे समजून घ्या. अशा कामात नेहमी वापरलं जाणारं ६०६१-टी६ ॲल्युमिनियम उष्णतेची प्रक्रिया करून मजबूत केलेलं असतं. वेल्डच्या आचेने शेजारच्या पट्ट्यात ती प्रक्रिया पुसली जाते आणि तिथली ताकद जवळपास निम्म्यावर येते. शिवाय पोलादाला एका मर्यादेखालचे ताणाचे हेलकावे कितीही बसले तरी चालतं. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादाच नाही. त्यात आधीच कोंडलेला ताण असेल तर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्याच्यात भर घालतो.

म्हणून मी असं करतो. शेपटीखाली लाकडी ठोकळा लावून वजन काढून घेतो. वरचे दोन बोल्ट फक्त बोटांनी तीन-चार आटे फिरवतो, मग खालचे. चारही बोल्ट बोटांनीच आत गेले पाहिजेत. पाना किंवा हातोडा घ्यावासा वाटला की तिथेच थांबायचं. लग आणि फ्रेममध्ये फट राहिली तर ती फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजायची आणि तेवढ्याच जाडीचा एक शिम, म्हणजे फट भरणारी पातळ चकती, घालायचा. वॉशरची चळत लावायची नाही. फट मोठी असेल तर लेथवर स्पेसर, म्हणजे तेवढ्या मापाची जाड चकती, करून घ्या. फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळती असेल तर लगचा कोनच चुकलाय, तिथे शिम चालत नाही.

भोकच वर-खाली सरकलेलं असेल तर लोक कानस घेऊन ते लांबट करतात. कृपा करून तसं करू नका. लांबट भोकात बोल्टची पकड जरा सैल झाली की सबफ्रेम सरकायला लागते. तो लग कापून काढायचा, सबफ्रेम गाडीवर बांधून नवा लग जागेवर फक्त टाक्यांनी, म्हणजे वेल्डच्या छोट्या ठिपक्यांनी, पकडायचा आणि पूर्ण वेल्ड जिगवर, म्हणजे भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साच्यात, करून घ्यायचा. गाडीवर टाके मारताना बॅटरीबरोबर ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा) कनेक्टरही काढलेला असू द्या. आणि दुरुस्ती करून आल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासा, कारण नवा वेल्डही आकसतो.

शेवटची परीक्षा मी कधीच टाळत नाही. चारही बोल्ट पूर्ण आवळायचे, मग एकेक करून पूर्ण बाहेर काढायचा आणि बोटांनी परत घालायचा. बोल्ट काढताच लग जरासा जरी उडी मारून सरकला तरी ताण शिल्लक आहे.

बोल्ट मूळ ग्रेडचेच घ्या, ८.८ पेक्षा कमी नको (हा ताकदीचा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो). चकचकीत दिसतात म्हणून लोक लावतात त्या ए२-७० स्टेनलेस बोल्टची ताकद त्याहून कमी असते. डोक्याखाली जाड, रुंद वॉशर हवाच, नाहीतर मऊ ॲल्युमिनियममध्ये खड्डा पडतो. टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळण्याचा जोर, गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. पोलादी आट्यांतल्या ८ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर लागतो. आटे ॲल्युमिनियममध्ये असतील तर त्याहून कमी. आट्यांवर मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद, लावा.

मग शॉकची स्प्रिंग काढून नुसता शॉक परत लावा आणि चाक पूर्ण वर उचला. तेव्हाही टायर आणि त्याच्या वरचं मडगार्ड व वायरिंग यांच्यात मी किमान २ सेंटीमीटर जागा ठेवतो.

टेललाइटला अर्थिंगची वेगळी वायर थेट बॅटरीपर्यंत न्या. कोटिंग किंवा ॲनोडायझिंगमधून (ॲल्युमिनियमवर मुद्दाम चढवलेल्या ऑक्साइडच्या थरातून) वीज जात नाही.

बोल्टच्या डोक्यापासून लगपर्यंत पेंट मार्करने सरळ रेघ ओढून ठेवा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सीट काढा आणि रेघा तुटल्यात का ते बघा. वॉशरच्या कडेवरून पांढरं फडकंही फिरवा. त्यावर काळपट भुकटी आली तर तो सांधा आत घासला जातोय. गाडी तिथेच उभी करा, तो बोल्ट काढा आणि शिमच्या टप्प्यापासून परत सुरू करा.